काँज्युगेट ग्रेडियंट: एका ओळीचे सूत्र आणि त्यामागचे काम

लाखो चलांच्या फलनाचे किमान मूल्य शोधायचे आहे, चलांवर कसलेही बंधन नाही, आणि हाताशी दोनच गोष्टी आहेत: दिलेल्या बिंदूवर फलनाचे मूल्य आणि तिथला ग्रेडियंट, म्हणजे एकेका चलामागे फलन किती वेगाने वाढते हे सांगणारा सदिश. काँज्युगेट ग्रेडियंट पद्धती अशा कामासाठी आहेत. लहरींच्या नोंदींवरून जमिनीखालच्या थरांचा अंदाज घेणारे भूभौतिकशास्त्रज्ञ, रेणूतल्या अणूंची कमीत कमी ऊर्जेची मांडणी शोधणारे रसायनशास्त्रज्ञ, स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढणारे भौतिकशास्त्रज्ञ यांचा या पद्धतींशी जुना संबंध आहे.

एवढ्या मोठ्या प्रश्नात न्यूटनची पद्धत का चालत नाही, हे साध्या हिशोबाने कळते. तिला ग्रेडियंटबरोबर दुसऱ्या विकलजांचे कोष्टक, म्हणजे हेसियन मॅट्रिक्स लागते. चले दहा लाख असतील तर त्यात दहा लाख गुणिले दहा लाख पदे. मॅट्रिक्स सममित असते म्हणून निम्मीच पदे साठवली, तरी एका पदाला ८ बाइट धरून सुमारे ४ टेराबाइट जागा लागते. तेवढ्याच चलांचा एक सदिश ८ मेगाबाइटमध्ये मावतो, आणि काँज्युगेट ग्रेडियंटला असे चार-पाच सदिश पुरतात. हेसियनमधली बहुतेक पदे शून्य असतील तर न्यूटनलाही संधी असते. पण पदे भरलेली असली, किंवा ती काढणेच परवडणारे नसले, तर तो रस्ता बंद.

कमी जागेत चालणारी जुनी पद्धत कोशीची, १८४७ सालची. ग्रेडियंटच्या उलट दिशेने, म्हणजे तीव्रतम उताराने, फलन कमी होत राहील तोवर जायचे. थांबलो तिथे नवा ग्रेडियंट काढायचा आणि पुन्हा तेच. अरुंद, लांब घळीत उतरणारा माणूस प्रत्येक वेळी सगळ्यांत तीव्र उतार धरू लागला, तर तो घळीच्या लांबीने न जाता एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आपटत राहील. या पद्धतीचेही तसेच होते. घळ किती अरुंद आहे हे कंडिशन नंबर सांगतो. द्विघाती फलनाचा कंडिशन नंबर १०,००० असेल, तर फलनमूल्यातली चूक दहापट कमी करायला तीव्रतम उताराला सर्वांत वाईट स्थितीत सुमारे ५,७५० पायऱ्या लागतात. काँज्युगेट ग्रेडियंटचा त्याच स्थितीतला अंदाज सुमारे ५८ पायऱ्यांचा आहे. एका पायरीचा खर्च दोन्हींत जवळजवळ सारखाच.

हा फरक घडवणारा बदल एका ओळीत सांगता येतो. नवी दिशा म्हणजे नव्या ग्रेडियंटची उलट दिशा, अधिक जुन्या दिशेचा काही भाग. तो भाग किती घ्यायचा हे ठरवणाऱ्या संख्येला बीटा म्हणतात. द्विघाती फलनात बीटा योग्य निवडला, की दिशा एकमेकींच्या संयुग्मी (काँज्युगेट) होतात: नव्या दिशेने चालताना आधीच्या दिशांनी साधलेली घट बिघडत नाही, एकदा झालेले काम पुन्हा करावे लागत नाही. त्यामुळे हिशोब बिनचूक असेल तर जितकी चले तितक्याच पायऱ्यांत किमान बिंदू हाती येतो. नवलाची बाब अशी की त्यासाठी आधीच्या सगळ्या दिशा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. शेवटची एक पुरते.

ही पद्धत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडली. लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सची इन्स्टिट्यूट फॉर न्युमरिकल अॅनालिसिस ही संस्था होती. तिथे मॅग्नस हेस्टेनीस काम करत होते. झुरिकच्या ईटीएचमध्ये एडुआर्ड श्टीफेल होते. मूळचे टोपोलॉजीतले गणिती, पुढे गणनशास्त्राकडे वळलेले. ऑगस्ट १९५१ मध्ये लॉस एंजेलिसला परिसंवाद भरला, तेव्हा श्टीफेल तिथे पोचले, त्यांच्या हातात हेस्टेनीस यांचा लेख पडला, आणि आपण बोलायला आलो ते हेच, असे त्यांच्या ध्यानात आले. वाद घालण्याऐवजी दोघांनी मिळून लेख लिहिला. तो डिसेंबर १९५२ मध्ये ब्युरोच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. हेस्टेनीस यांच्याच संस्थेतले कॉर्नेलियस लँट्सोश आयगेन मूल्यांच्या वाटेने जवळजवळ त्याच जागी पोचले होते. संयुग्मी दिशांची कल्पना हेस्टेनीस यांना १९३६ मध्येच सुचली होती, पण ती इतकी उघड आहे की छापण्याजोगी नाही, असे त्यांना तेव्हा एका प्राध्यापकांनी सांगितले होते.

पद्धतीचा पहिला प्रत्यक्ष अनुभव त्या लेखातच नोंदलेला आहे. झुरिकमध्ये कोनराड त्सूझे यांचे झेड-४ हे रिलेवर चालणारे यंत्र होते. त्यावर १०६ रेषीय समीकरणांचा एक संच (द्विघाती फलनाचा किमान बिंदू काढणे म्हणजे असा संच सोडवणेच) सोडवला गेला आणि पुरेसे अचूक उत्तर ९० पायऱ्यांतच मिळाले. म्हणजे नियमाने लागायला हव्यात त्याहून कमी. या आकड्यात पद्धतीचे पुढचे सगळे भवितव्य होते, पण तेव्हा लोकांचे लक्ष नियमाकडे होते. इतक्या पायऱ्यांत नेमके उत्तर, अशी तिची ओळख झाली आणि तीच तिला नडली. यंत्रात प्रत्येक बेरीज-गुणाकाराला आकडे छाटले जातात, संयुग्मीपणा हळूहळू ढळतो, आणि ठरलेल्या पायऱ्या संपल्या तरी उत्तर नेमके येत नाही. नेमक्या उत्तरासाठी गाऊसची निरसनपद्धत भरवशाची होती. पन्नास आणि साठच्या दशकांत समीकरणे सोडवणाऱ्यांनी काँज्युगेट ग्रेडियंट बऱ्यापैकी बाजूला ठेवली. १९७१ मध्ये जॉन रीड यांनी ती मोठ्या, विरळ संचांवर चालवून दाखवली आणि तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली: नेमके उत्तर देणारी पद्धत म्हणून तिचा न्याय करू नये, जवळजवळ जात राहणारी पद्धत म्हणून करावा. चलांच्या संख्येपेक्षा कितीतरी कमी पायऱ्यांत ती कामापुरते उत्तर देते. झेड-४ ने वीस वर्षांपूर्वी तेच सांगितले होते.

मधल्या काळात पद्धतीला दुसरे घर मिळाले होते. १९६४ मध्ये लीड्स विद्यापीठातले रॉजर फ्लेचर आणि कॉलिन रीव्हज यांनी ती द्विघाती नसलेल्या, कोणत्याही गुळगुळीत फलनाच्या किमानासाठी वापरली. आदल्याच वर्षी फ्लेचर आणि मायकेल पॉवेल यांनी विल्यम डेव्हिडन यांची पद्धत सुधारून मांडली होती. ती वेगवान होती, पण तिला चलांच्या वर्गाइतकी जागा लागे. फ्लेचर-रीव्हज पद्धतीला तीन सदिश पुरत. त्यांचा बीटा म्हणजे नव्या ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग भागिले जुन्या ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग. याहून सोपे सूत्र पुढे कोणालाच सुचले नाही. ठरावीक पायऱ्यांनंतर जुनी दिशा टाकून पुन्हा तीव्रतम उताराने सुरुवात करावी, हा सल्लाही त्याच लेखात आहे.

फलन द्विघाती नसले की हेसियन बिंदूगणिक बदलते, संयुग्मी शब्दाला काटेकोर अर्थ उरत नाही, आणि खरे अनुभव इथून सुरू होतात. फ्लेचर-रीव्हज चालवणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. गणना नीट चाललेली असते, फलन झपाट्याने कमी होत असते, आणि मध्येच गाडी अडते. पुढच्या शेकडो पायऱ्यांत फलन जागचे हलत नाही. ग्रेडियंट मात्र अजून मोठाच असतो, म्हणजे किमान बिंदू आलेला नसतो. कारण १९७७ मध्ये पॉवेल यांनी उलगडले. एखाद्या वाईट पायरीमुळे दिशा ग्रेडियंटशी जवळजवळ काटकोनात आली, की त्या दिशेने उतार नसल्यासारखा असतो आणि पाऊल इवलेसे पडते. पाऊल इवलेसे म्हणून नवा ग्रेडियंट जुन्यासारखाच. दोन्हींच्या लांबी सारख्या म्हणून बीटा एकाच्या आसपास. मग नवी दिशा जवळजवळ जुनीच, म्हणजे पुन्हा वाईटच. या फेऱ्यातून सूत्राला आपणहून सुटता येत नाही.

दुसरे सूत्र १९६९ मध्ये फ्रान्समध्ये पोलाक आणि रिबिएर यांनी आणि त्याच वर्षी रशियात पोल्याक यांनी स्वतंत्रपणे दिले होते. त्यात अंशस्थानी नव्या ग्रेडियंटचा स्वतःशी गुणाकार नसतो. नवा ग्रेडियंट आणि दोन ग्रेडियंटांतला फरक यांचा गुणाकार असतो. पाऊल इवलेसे पडले तर हा फरक शून्याजवळ जातो, बीटाही शून्याजवळ जातो, जुनी दिशा आपोआप गळून पडते आणि पद्धत तीव्रतम उताराने नव्याने निघते. फलन द्विघाती असेल आणि प्रत्येक दिशेतले किमान नेमके गाठले असेल, तर दोन्ही सूत्रे एकच संख्या देतात. फरक पडतो तो परिस्थिती बिघडल्यावर.

साहजिकच वापरणारे पोलाक-रिबिएरकडे वळले. सिद्धतांनी मात्र उलटा कौल दिला. प्रत्येक दिशेतले किमान नेमके गाठले तर फ्लेचर-रीव्हजमध्ये ग्रेडियंट अखेर शून्याच्या हवा तितका जवळ येतो हे झाउटेन्डाइक यांनी १९७० मध्ये दाखवले, आणि किमान ढोबळपणे गाठले तरी ते खरे राहते हे अल-बाली यांनी १९८५ मध्ये. पोलाक-रिबिएरच्या वाट्याला याच्या बरोबर उलट आले: १९८४ मध्ये पॉवेल यांनी तीनच चलांचे एक गुळगुळीत फलन रचून दाखवले, ज्यावर ही पद्धत गोल गोल फिरत राहते आणि ग्रेडियंट शून्य असलेल्या कोणत्याही बिंदूजवळ जात नाही. हमी असलेले सूत्र रोजच्या कामात रखडते आणि हमी नसलेले चालते, अशी ही अवघड जागा होती. तोडगा पॉवेल यांनीच १९८६ मध्ये सुचवला आणि तो फारच साधा होता: बीटा ऋण आला तर तो शून्य धरायचा. जाँ-शार्ल जिल्बेर आणि होर्हे नोसेदाल यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले की, रेषाशोधाने, म्हणजे दिशा ठरल्यावर किती दूर जायचे याच्या शोधाने, योग्य अटी पाळल्या तर, एवढ्या दुरुस्तीने हमीही मिळते. आज तयार प्रणालींत जे पोलाक-रिबिएर मिळते ते बहुधा हेच दुरुस्त केलेले रूप असते. पायथन भाषेसाठीच्या सायपाय या आज्ञावलीसंचातल्या काँज्युगेट ग्रेडियंटमध्येही तेच आहे.

सूत्रांची रांग तिथे थांबली नाही. बीजिंगचे दाय यूहाँग आणि युआन याशियांग यांनी १९९९ मध्ये एक दिले. फ्लोरिडा विद्यापीठाचे विल्यम हेगर आणि हाँगचाओ झांग यांनी २००५ मध्ये दुसरे. हेगर-झांग सूत्राचा विशेष असा की रेषाशोध कसाही झाला तरी निघणारी दिशा उताराचीच असते, आणि तो उतार किमान किती असेल याचीही सीमा ठरलेली आहे. त्यानंतर बीटाची नवनवी मिश्रणे मांडणाऱ्या लेखांचा पूर आला आहे. त्यांतल्या पुष्कळ लेखांत कसोटीला रोझेनब्रॉकचे वाढवलेले फलन असते, चले दहा हजार किंवा लाख. या कसोटीत एक मेख आहे. ते फलन म्हणजे दोन-दोन चलांच्या सुट्या जोड्यांची बेरीज. नेहमीच्या आरंभबिंदूला सगळ्या जोड्या सारख्याच असतात. त्यामुळे लाख चलांवरचा प्रवास दोन चलांवरच्या प्रवासाची हुबेहूब नक्कल असतो. तिथे पायऱ्या चलांबरोबर वाढत नाहीत यात पद्धतीची काहीच कर्तबगारी नाही.

बीटावर इतकी शाई खर्च झाली असली, तरी गणनेचा बहुतेक वेळ दिशेवर खर्च होत नाही, पावलाच्या लांबीवर होतो. दिशा ठरल्यावर त्या रेषेवर किती दूर जायचे याच्या शोधाला रेषाशोध म्हणतात. त्याला नेमका किमान बिंदू लागत नाही. फिलिप वोल्फ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या दोन अटी पुरतात: फलन पुरेसे कमी झालेले असावे, आणि त्या रेषेवरचा उतार सुरुवातीच्या तुलनेत पुरेसा सौम्य झालेला असावा. कितपत सौम्य, यात काँज्युगेट ग्रेडियंट काटेकोर आहे. ग्रेडियंटांतल्या फरकांवरून हेसियनचा अंदाज घेणाऱ्या क्वासी-न्यूटन पद्धतींना उतार मूळच्या ०.९ पट झाला तरी चालतो. काँज्युगेट ग्रेडियंटसाठी ०.१ घेण्याचा प्रघात आहे, सायपायमध्ये ०.४ आहे. ही संख्या सैल सोडली की दिशांचा संयुग्मीपणा लवकर ढळतो, काही वेळा पोलाक-रिबिएरची दिशा चढाचीच निघते आणि जुनी दिशा टाकून द्यावी लागते.

दुसरी अडचण पहिल्या अंदाजाची. क्वासी-न्यूटनमध्ये दिशेची लांबी आपोआप जुळलेली असते. पावलाचा गुणक १ घेऊन पाहिला तर बहुतेक वेळा तो चालतो. काँज्युगेट ग्रेडियंटच्या दिशेला अशी लांबी नसते. प्रश्न मीटरमध्ये मांडला की किलोमीटरमध्ये, यावर ती हजारपट बदलू शकते. म्हणून मागच्या पायरीवरून अंदाज बांधतात: मागच्या वेळी उतार गुणिले पाऊल जितके होते, तितकेच याही वेळी असेल असे धरून नवे पाऊल काढायचे. ही युक्ती साधी आहे, पण ती नसली तर एकेका पायरीला चार-पाच मूल्यमापने सहज उडतात. एका मूल्यमापनाला मोठ्या संगणकाचे तासन्तास लागत असतील, तिथे हा खर्च पायऱ्यांच्या आकड्यात दिसत नाही. दोन सूत्रांची तुलना पायऱ्या मोजून करणाऱ्या तक्त्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. फलन आणि ग्रेडियंट एकूण किती वेळा काढले ते पाहावे.

किमान बिंदू जवळ आला की रेषाशोधाला वेगळाच त्रास होतो. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत सुमारे १६ अंक असतात. किमानाजवळ फलन सपाट असते, म्हणून चलात दहा कोटींत एक भाग इतका बदल केला तर फलनात साधारण सोळाव्या अंकाइतकाच बदल होतो. त्याहून बारीक पावलांत फलन खरोखर कमी झाले की छाटलेल्या आकड्यांच्या गोंधळाने कमी दिसले, हे सांगता येत नाही. वोल्फची पहिली अट तपासणे अशक्य होते आणि प्रणाली अचूकता संपल्याचा इशारा देऊन थांबते. ग्रेडियंटचे तसे नसते. किमानाजवळ तो शून्याकडे जातो आणि त्यातला फरक बराच पुढपर्यंत ओळखता येतो. हेगर आणि झांग यांनी पहिल्या अटीचे उतारावर आधारलेले रूप घेऊन ही कोंडी फोडली. त्यांच्या कामातला हा भाग नव्या बीटाइतका गाजला नाही, हे थोडे अन्यायाचेच झाले. वापरणाऱ्याला रोज उपयोगी पडतो तो हाच.

अचूकता संपल्याचा इशारा पहिल्या दहा-वीस पायऱ्यांतच आला तर मात्र संशय दुसरीकडे घ्यायचा असतो. अशा वेळी बहुधा ग्रेडियंट चुकीचा असतो. तो काढणारी आज्ञावली फलनाच्या आज्ञावलीपेक्षा लांब असते आणि तिच्यात एखादे चिन्ह किंवा गुणक निसटणे अगदी सोपे. तपासणी स्वस्त आहे: कोणतीही एक दिशा घ्यावी, त्या दिशेने दोन्ही बाजूंना थोडे सरकून फलनांतला फरक काढावा, आणि ग्रेडियंटने सांगितलेल्या उताराशी ताडून पाहावा. सरकण्याचे अंतर दहापट कमी केले की दोन्हींतली तफावत शंभरपट कमी व्हायला हवी; एका मर्यादेनंतर छाटणीच्या चुकांमुळे ती पुन्हा वाढू लागते. तफावत अशी आधी घसरली आणि मग चढली तर ग्रेडियंट बरोबर आहे. ती एका जागी थिजली तर कुठेतरी गुणक चुकला आहे. काँज्युगेट ग्रेडियंट किंचित चुकीच्या ग्रेडियंटवरही काही काळ चालत राहते, आणि हेच धोक्याचे आहे. दोष सूत्राला लावला जातो.

ग्रेडियंट फलनांच्या फरकातूनच काढत बसणे मोठ्या प्रश्नात परवडत नाही, कारण दर चलामागे एक जादा मूल्यमापन लागते. उलट्या दिशेने चालणारे स्वयंचलित विकलन, किंवा भौतिक प्रश्नांत त्याच तत्त्वाची अॅडजॉइंट पद्धत वापरली, तर चले कितीही असोत, ग्रेडियंटचा खर्च फलनाच्या थोड्याच पटींत राहतो. भूकंपलहरींच्या उलट्या प्रश्नात आल्बेर तारांतोला यांनी १९८४ मध्ये हे मांडले: लहरी एकदा काळाच्या दिशेने पुढे चालवायच्या, मग मोजलेल्या आणि काढलेल्या नोंदींतली तफावत काळाच्या उलट दिशेने सोडायची, आणि दोन्ही क्षेत्रांच्या गुणाकारातून संपूर्ण भूभागाचा ग्रेडियंट मिळवायचा. लाखो चलांचा ग्रेडियंट लहरी निर्माण करणाऱ्या दर स्फोटामागे दोन-तीन गणनांत येतो. एवढे हाताशी आले, की मग काँज्युगेट ग्रेडियंटला अर्थ आहे.

चलांची मापे हा विषय पाठ्यपुस्तकांत थोडक्यात येतो. कामात त्याचा वाटा सूत्राच्या निवडीपेक्षा मोठा असतो. न्यूटनच्या पद्धतीला एकके बदलल्याने फरक पडत नाही, काँज्युगेट ग्रेडियंटला पडतो. वर सांगितलेल्या लहरींच्या प्रश्नात स्रोताजवळचा ग्रेडियंट प्रचंड असतो आणि खोलवरच्या थरांचा क्षीण. जशाच्या तशा ग्रेडियंटवर चालवले तर पद्धत वरचा थरच पुन्हा पुन्हा घासत बसते. हेसियनच्या कर्णाचा ढोबळ अंदाज घेऊन प्रत्येक चलाला त्या प्रमाणात भागले, की खोलीलाही न्याय मिळतो. यालाच प्रीकंडिशनिंग म्हणतात. याचे सुंदर उदाहरण इलेक्ट्रॉनांच्या गणनेत आहे. तिथे तरंगफलन अनेक सपाट लहरींच्या बेरजेने मांडतात. बारीक तरंगलांबीच्या लहरींची गतिज ऊर्जा फार मोठी असते, म्हणून त्या दिशांना फलन अतिशय वक्र होते आणि कंडिशन नंबर फुगतो. टीटर, पेन आणि अॅलन यांनी १९८९ मध्ये त्या लहरींचा भाग त्यांच्या गतिज ऊर्जेच्या प्रमाणात दाबून टाकला. लांब लहरी जशाच्या तशा ठेवल्या. हा गुणक भौतिकशास्त्रातून आला होता. गणितातली कोणतीही सर्वसाधारण युक्ती त्याच्या जवळपास पोचली नसती. चांगले प्रीकंडिशनिंग जवळजवळ नेहमी असेच, प्रश्नाच्या आतून येते.

अनुभवी माणूस गणना चालू असताना तिची नोंदवही वाचतो. दर पायरीला फलन, ग्रेडियंटची लांबी, पाऊल, बीटा, दिशा आणि उतार यांतला कोन आणि एकूण मूल्यमापने एवढे छापलेले असले की पुरते. फलन उतरत असताना ग्रेडियंटची लांबी दहा-पंधरा पायऱ्या चढत गेली तर नवखा घाबरतो; त्यात वावगे काही नाही, पद्धतीने ग्रेडियंट दर पायरीला कमी करण्याचे वचन कधी दिलेलेच नाही. बीटा एकापाशी चिकटला आणि कोन काटकोनाकडे सरकला तर पॉवेल यांनी सांगितलेला फेरा सुरू झाला. दुरुस्त पोलाक-रिबिएरमध्ये बीटा वारंवार शून्य दिसू लागला तर पद्धत नावालाच काँज्युगेट उरली, प्रत्यक्षात तीव्रतम उतारच चालू आहे. अशा वेळी सूत्र बदलण्याआधी मापे तपासावीत. कोनाचा स्तंभ फारसे कोणी छापत नाही, पण सगळ्यांत जास्त तोच सांगतो. चलांच्या संख्येइतक्या पायऱ्यांनी पुन्हा आरंभ करण्याचा जुना सल्ला मोठ्या प्रश्नात निरुपयोगी आहे: चले दहा लाख असतील आणि गणना तीनशे पायऱ्यांत संपणार असेल, तर ती पायरी कधी येतच नाही. त्याऐवजी पॉवेल यांची कसोटी वापरतात. लागोपाठचे दोन ग्रेडियंट एकमेकांना लंब असायला हवेत. त्यांचा गुणाकार नव्या ग्रेडियंटच्या वर्गाच्या ०.२ पटीहून मोठा झाला, तर जुनी दिशा टाकावी.

प्रतिस्पर्ध्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण निकाल बराचसा लागलेला आहे. नोसेदाल यांनी १९८० मध्ये मांडलेली आणि लिऊ व नोसेदाल यांनी १९८९ मध्ये पक्की केलेली मर्यादित स्मृतीची बीएफजीएस ही क्वासी-न्यूटन पद्धत शेवटच्या तीन ते वीस पायऱ्यांतले फरक साठवून हेसियनचा अंदाज घेते. तिला काही पट जास्त जागा लागते, पण पाऊल १ बहुधा चालते आणि मूल्यमापने वाचतात. एकेक मूल्यमापन महाग असेल तिथे तीच पुढे असते. न्यूरल नेटवर्कच्या प्रशिक्षणातही काँज्युगेट ग्रेडियंटचा एक काळ होता. मार्टिन म्यूलर यांची १९९३ ची स्केल्ड काँज्युगेट ग्रेडियंट मॅटलॅबमध्ये आजही मिळते. पण माहितीचा छोटा तुकडा घेऊन ग्रेडियंट काढायचा ही रीत रुळल्यावर तिची पीछेहाट झाली. दर पायरीला फलनच थोडे बदलत असेल तर दोन ग्रेडियंटांतल्या फरकात वक्रतेपेक्षा गोंगाट जास्त असतो, आणि पोलाक-रिबिएरचा सगळा भार त्या फरकावर आहे.

तरीही फलन आणि ग्रेडियंट स्वस्त असतील, जागा खरोखर तुटपुंजी असेल, किंवा प्रश्नातून चांगले प्रीकंडिशनिंग मिळत असेल, तर दुरुस्त पोलाक-रिबिएर किंवा हेगर-झांग ही आजही योग्य निवड आहे. फ्लेचर-रीव्हज शिकवण्यासाठी ठेवावे, कामाला घेऊ नये. सायपाय वापरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की बंधने नसलेल्या प्रश्नासाठी तिथे पद्धतीचे नाव दिले नाही तर पूर्ण मॅट्रिक्स साठवणारी बीएफजीएस आपोआप निवडली जाते. दहा लाख चलांना तिला ८ टेराबाइट लागतील, म्हणून नाव स्वतः लिहावे लागते.